न वटलेला धनादेश आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

हुंडी नाकारली गेली म्हणजे पेढीची अब्रू गेली, अशी आपल्या वाडवडिलांची दृढ समजूत होती. आज हुंडीची जागा धनादेशाने घेतली आहे. उधारीच्या मालापोटी पुढील तारखेचा धनादेश घेण्याची चाल ठोक बाजारात अद्याप आहे. तो ‘शिल्लक अपुरी’ असा शेरा घेऊन परत आला, की लहान दुकानदारापुढे मोठे संकट उभे राहते. माल गेलेला, पैसा आलेला नाही, आणि स्वतःच्या देण्याची तारीख मात्र तोंडावर आलेली! अशा वेळी कोणी भिडेपोटी महिनोन्‌महिने गप्प बसतो, तर कोणी ऋणकोच्या दारी जाऊन तंटा करतो. आमच्या मते हे दोन्ही मार्ग नुकसानीचे होत.

परक्राम्य संलेख अधिनियम 1881 सालचा. परंतु धनादेश न वटणे हा गुन्हा ठरविणारे कलम 138 अमलात आले ते 1 एप्रिल 1989 पासून. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र नुसता धनादेश परत आल्याने गुन्हा पुरा होत नाही. ऋणकोला रीतसर मागणी करून पैसे भरण्याची संधी द्यावी लागते, आणि म्हणूनच येथे तारखांना फार महत्त्व आहे.

धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा. तो परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी, आणि तीत धनादेशाच्या रकमेची स्पष्ट मागणी करावी. नोटीस पोच मिळेल अशा टपालाने योग्य पत्त्यावर पाठवावी. ऋणकोने ती घेण्याचे नाकारले, तरी ती बजावली गेली असे न्यायालये मानतात. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न आल्यास, त्यापुढील एका महिन्यात दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद करावी. फिर्यादीस झालेला उशीर सबळ कारण असल्यास न्यायालय माफ करू शकते. नोटिशीच्या मुदतीला मात्र ही सवलत नाही.

फिर्याद कोठे करावी, हा प्रश्न आपल्या सीमाभागात विशेष जिव्हाळ्याचा आहे. बेळगावचा माल कोल्हापूर, सांगली, गोवा येथे जातो. ऑगस्ट 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, धनादेश देणाऱ्याची बँक जेथे असेल तेथेच खटला चालावा. म्हणजे पैसे बुडाले बेळगावकराचे, आणि खेटे घालायचे त्यानेच परगावी! 2015 च्या दुरुस्तीने ही अडचण दूर केली. आता खात्यात भरलेल्या धनादेशाबाबत, आपले खाते ज्या बँकशाखेत आहे तेथील न्यायालयात फिर्याद करता येते.

धनादेश देण्यापोटीच दिला असे कायदा प्रथमतः गृहीत धरतो. पण ऋणको ते पुराव्याने खोडून काढू शकतो. यास्तव बिले, माल पोचल्याच्या सहीचे चलन, खतावणीतील उतारे आणि बँकेचा मेमो जपून ठेवावा. धनादेश हाती आल्यानंतर काही रक्कम जमा झाली असल्यास तिची नोंद धनादेशावर करून मगच तो भरावा. 1 सप्टेंबर 2018 पासून, आरोपीने गुन्हा नाकबूल केल्यावर, धनादेशाच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देवविण्याचा अधिकारही न्यायालयास मिळाला आहे.

तथापि खटला म्हणजे वैर नव्हे. हा गुन्हा तडजोडीने मिटविता येतो, आणि रक्कम पदरात पडत असेल तर तसे करण्यात कमीपणा नाही. अडचणीत सापडलेल्या सचोटीच्या गिऱ्हाइकाला हप्ते जरूर द्यावेत. परंतु ते लेखी असावेत, आणि त्या बोलण्यात नोटिशीची मुदत टळू देऊ नये. सभासद बंधुभगिनींना आमची एवढीच विनंती की, मेमो हाती येताच त्याच दिवशी रोजकीर्दीत त्याची तारीख टिपावी आणि तिच्यापुढे तिसाव्या दिवसाची तारीखही लिहून ठेवावी.