इंजिनाखालचा डाग आणि घरचा हिशेब

रिक्षा, टेम्पो, जीप यांच्यावर पोट असणारी कितीतरी कुटुंबे आपल्या वस्त्यांत आहेत. इंजिनाचे काम निघाले की पतपेढीचे कर्ज नाही तर घरातला दागिना मोडून भागवावे लागते. एवढे करून गाडी रस्त्यावर येते आणि चार दिवसांत इंजिनाखाली तेलाचा डाग दिसतो. “पुन्हा इंजिन खोला,” असे कोणी म्हटले की मालकाच्या पोटात गोळा येतो.

अशा वेळी घाबरू नये व घाईही करू नये. डाग पडतो तेथेच गळती असते, असे नाही. तेल वरून खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वारा ते मागे नेतो. म्हणून शोध वरून खाली आणि पुढून मागे घ्यावा.

आमच्या ओळखीच्या एका डिझेल टेम्पोचे असेच झाले. इंजिन व गिअरबॉक्स जोडले जातात तेथून थेंब पडत होता. “क्रँकचे मागचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल,” असा सल्ला मिळाला. सील स्वस्त असते, पण मजुरी मोठी. शिवाय गाडी उभी राहिली की धंदा बुडतो तो वेगळाच. आम्ही चालकाला आधी इंजिन धुवायला सांगितले. थंड इंजिन ब्रशने घासून कोरडे पुसले आणि संशयाच्या सांध्यांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. गाडी थोडी चालवून आणताच टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात ओली रेघ उमटली. तेथले पॅकिंग बसवतानाच दुमडले होते. तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरून खाली थेंब होऊन पडत होते. जुने पॅकिंग खरवडून काढले, नवे बसवले, नट थोडे थोडे करून सारखे आवळले. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

नव्या कामात गळतीची कारणे बहुधा अशीच साधी असतात. जुन्या पॅकिंगचा तुकडा चिकटून राहतो, ऑइल फिल्टर ढिला राहतो किंवा ड्रेन नटचा जुनाच वायसर पुन्हा वापरला जातो. तेल खुणेच्या वर भरले किंवा ब्रीदर पाईप तुंबला, तरी आतला दाब तेल बाहेर ढकलतो. नट जोर लावून आवळल्याने गळती थांबत नाही. उलट कव्हर वाकते, आटे जातात. सोल्युशनही हात राखून लावावे. जादा लावलेले आत सुटून तेलाच्या वाटेत अडकू शकते.

काही गोष्टी मात्र हलक्या घेऊ नयेत. रोज सकाळी गाडी सपाट जागी असताना दांडीवर तेल पाहावे. पातळी भराभर उतरत असेल, क्लच घसरू लागला असेल किंवा तापलेल्या सायलेन्सरवर तेल पडत असेल, तर गाडी थेट मिस्त्रीकडे न्यावी. ऑइलचा दिवा लागला तर इंजिन तत्काळ बंद करावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

इंजिनाचे काम देतानाच कोणते सामान नवे घातले याची पावती मागावी आणि गळती निघाल्यास ती कोण काढून देणार, हे त्यावर लिहून घ्यावे. मागून वाद घालण्यापेक्षा आधी लिहिलेली एक ओळ अधिक कामास येते.