संशोधनातील खंड आणि मुदतवाढ : मावळातील ऋतुचक्राच्या संदर्भात

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मावळात पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर तो ओसरू लागतो. घाटमाथ्यावरील लोणावळे-खंडाळे परिसरात वर्षाकाठी सरासरीने चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस वडगाव-तळेगावकडे त्याचे मान झपाट्याने उतरते. या प्रदेशातील वनस्पती, भातशेती किंवा ओढे-नद्या यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाचे वर्ष या चार महिन्यांभोवती बांधलेले असते. विद्यापीठाचे वर्ष मात्र प्रवेशाच्या तारखेपासून मोजले जाते. आजारपण, बाळंतपण, नोकरी अथवा घरची अडचण यांमुळे कामात खंड पडला, म्हणजे या दोन कालगणनांमधील अंतर एकाएकी प्रत्ययास येते. खंड घेण्यात किंवा मुदत वाढवून मागण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु तो खंड केव्हा आणि कोणत्या रीतीने घेतला, यावर पदवी पदरात पडणे पुष्कळदा अवलंबून राहते.

प्रथम नियमांचा विचार करणे इष्ट होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावलीनुसार पीएच्. डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल कालावधी प्रवेशाच्या तारखेपासून सहा वर्षांचा आहे. त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंतची मुदत देता येते. मात्र एकूण काळ आठ वर्षांपलीकडे जाता कामा नये. स्त्री-संशोधक, तसेच चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले संशोधक, यांना याशिवाय आणखी दोन वर्षांची सवलत देण्याची तरतूद असून त्यांच्या बाबतीत शेवटची मर्यादा दहा वर्षांची आहे. स्त्री-संशोधकांना संपूर्ण अभ्यासक्रमाच्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूतिरजा वा बालसंगोपन रजा देता येते.

या तरतुदींत तीन भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यास नुकसान होते. रजा म्हणजे नोंदणी कायम ठेवून काही दिवस कामातून मिळणारी मोकळीक. सवलत म्हणजे विशिष्ट संशोधकांसाठी ठेवलेली वाढीव मर्यादा. पुनर्नोंदणी म्हणजे सहा वर्षे संपल्यावर नोंदणी नव्याने जिवंत करणे. यांपैकी कोणतीही गोष्ट आपोआप घडत नाही. ‘देता येते’ या शब्दप्रयोगाचा अर्थच असा की, अर्ज करावा लागतो आणि त्यावर आदेश व्हावा लागतो. रजेचे दिवस एकूण मुदतीतून वगळले जाणार आहेत किंवा नाहीत, हेही त्या आदेशात स्पष्ट शब्दांत लिहून घेणे हिताचे असते. तोंडी मिळालेली अनुमती मार्गदर्शक किंवा अधिकारी बदलताच निरुपयोगी ठरते.

नियम दिवस मोजतो. क्षेत्रकार्य ऋतू मोजते. एक साधा हिशेब पाहिल्यास याचा उलगडा होईल. लोहगड आणि विसापूर यांच्या माथ्यावरील पावसाळी वनस्पतींचा अभ्यास करणारी एक संशोधिका कल्पावी. सीतेची आसवे, तेरडा, सोनकी इत्यादी वनस्पतींचा बहर तेथे मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात पाहावयास मिळतो. हिवाळा सरत आला की माथ्यावर वाळलेले गवत तेवढे उरते. तिने १ मेपासून २४० दिवसांची रजा घेतली, तर ती २६ डिसेंबरला संपते. कागदावर आठ महिने गेले. प्रत्यक्षात एक संपूर्ण हंगाम गेला आणि पुढील बहराच्या निरीक्षणासाठी आणखी सुमारे सात महिने थांबणे आले. तीच रजा १ नोव्हेंबरपासून सुरू झाल्यास साधारणतः २८ जूनला संपते. दिवस तितकेच, परंतु पाऊस नुकताच स्थिरावलेला असतो आणि बहराचा काळ हाती राहतो.

बाळंतपण अथवा दुखणे पंचांग पाहून येत नाही, हे खरे. म्हणूनच या हिशेबाचा उपयोग रजेची तारीख ठरविण्यापेक्षा मुदतीची मागणी ठरविण्यास अधिक होतो. मे महिन्यात रजेवर गेलेल्या संशोधिकेने मुदतवाढीचा अर्ज करताना ‘आठ महिने वाया गेले’ असे न लिहिता ‘निरीक्षणाचा एक हंगाम गेला, तो पुढील वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच मिळू शकेल’ असे लिहावे. समितीत बसणारे सदस्य निरनिराळ्या शाखांचे असू शकतात. हंगाम म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागते.

कारवीचे उदाहरण याहून बोलके आहे. घाटातील उतारांवर दाट माजणारे हे झुडूप साधारणतः आठ वर्षांनी एकदा सामुदायिक रीतीने फुलते आणि बीज धरल्यावर वाळून जाते. म्हणजे एखाद्या उतारावरील फुलोरा हुकल्यास पुनर्नोंदणीसह मिळणारी सारी आठ वर्षे संपत आली तरी तो पुन्हा दिसेलच अशी खात्री नाही. फादर सांतापाऊ यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. तसले काम वर्षानुवर्षे त्याच डोंगरांत पुनःपुन्हा हिंडल्यावाचून सिद्ध होत नाही. पदवीच्या मुदतीत बसणारा विषय निवडताना हा भेद ध्यानी धरणे अगत्याचे आहे. फुलोऱ्यावरच सारा प्रबंध उभा असेल, तर खंडास जागाच उरत नाही.

भातपिकाचीही स्थिती अशीच आहे. वडगाव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रात विकसित झालेला ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला. आज अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांत तो सर्वपरिचित आहे. जूनमध्ये रोपवाटिका, जुलैत लावणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी, असा या पिकाचा क्रम. लावणी टळली की त्या वर्षीचा प्रयोगच टळला. प्रयोग सहसा एकाहून अधिक हंगामांत पडताळून घ्यावा लागत असल्याने एका हंगामाची तूट पुढील सर्व वेळापत्रकास ढकलते.

याउलट काही विषय खंड सहज सोसतात. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेण्यांतील शिलालेखांचा अभ्यासक वर्षभराने परतला, तरी लेख जागच्या जागीच असतात. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामात योगक्रियांच्या शारीरिक परिणामांचे संशोधन सुरू झाले. त्या धर्तीच्या प्रयोगांत मात्र प्रश्न निराळा असतो. तेथे ऋतूची वाट पाहावी लागत नाही, पण काही आठवडे नियमित साधना करणाऱ्या व्यक्तींचा गट मध्येच सुटल्यास आधीची मोजमापे पुढील मोजमापांशी जुळत नाहीत. अशा संशोधकाने गटाचे एक आवर्तन पुरे करूनच थांबावे. अर्धे आवर्तन म्हणजे शून्य आवर्तन.

मुदत वाढली म्हणजे सर्व काही वाढले, असेही नव्हे. आयोगाच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचा एकूण काळ पाच वर्षांचा आहे; त्यामुळे सहावे वर्ष आणि त्यापुढील वाढीव काळ बहुधा स्वखर्चाने काढावा लागतो. मार्गदर्शकाचे निवृत्तीचे वर्षही पाहिले पाहिजे. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे निवृत्तीनंतर ते सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, परंतु वयाच्या सत्तर वर्षांपर्यंतच. मुख्य मार्गदर्शक दुसरा शोधावा लागतो. ही व्यवस्था रजेवर जाण्यापूर्वी बोलून ठेवलेली बरी.

रजेपूर्वी करावयाचे आणखी एक काम मावळात विशेष महत्त्वाचे आहे. येथील पावसाळी दमट हवेत वाळविलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांना बुरशी आणि कीड फार लवकर लागते. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेले गठ्ठे आठ महिन्यांनी निरुपयोगी झालेले आढळणे मुळीच अशक्य नाही. नमुने विभागाच्या संग्रहात रीतसर सोपवावेत, प्रत्येकावर तारीख व ठिकाण असावे, आणि क्षेत्रवहीची एक प्रत मार्गदर्शकाकडे राहावी. स्वतःच्या हस्ताक्षरातील त्रोटक खुणा वर्षभराने स्वतःसही लागत नाहीत.

परतल्यानंतरचे पहिले काम म्हणजे मधल्या काळात विषय कोठवर गेला याचा शोध. ब्रायन मे यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात खगोलभौतिकीतील आपले संशोधन १९७० च्या दशकात संगीतासाठी सोडले आणि तीन दशकांनंतर, २००७ मध्ये, राशिचक्रीय धुळीवरील प्रबंध पूर्ण केला. दरम्यानच्या काळातील संशोधनाचा आढावा त्यांना घ्यावा लागला. त्या विषयात तोवर फारसे काम झालेले नव्हते, हे त्यांच्या पथ्यावर पडले. हे भाग्य प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. आज कित्येक विषयांत दोन वर्षांची अनुपस्थितीही भारी पडते.

दर सत्रास संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावयाची असते. अडचणीत सापडलेला विद्यार्थी नेमकी हीच बैठक संकोचाने टाळतो, पत्रांना उत्तर देत नाही, आणि अखेर नोंदणीच धोक्यात येते. काम झाले नसेल तर ते झाले नाही, आणि कोणत्या कारणाने झाले नाही, हे समितीपुढे सांगणे हीदेखील प्रगतीची नोंदच आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे सर्वत्र प्रयोगशाळा बंद पडल्या, तेव्हा आयोगाने सरसकट सहा महिन्यांची मुदतवाढ दिली होती. त्या वेळी कारण सर्वांस दिसत होते. एकट्या घरातील दुखणे किंवा एकट्या डोंगरावरील हुकलेला फुलोरा कार्यालयास दिसत नाही. तो लेखी कळवावा लागतो, आणि तोही मुदत उलटण्यापूर्वी.