संगणकीय प्रकाशने आणि त्यांची नोंदव्यवस्था

छापील नियतकालिकाचा जुना अंक गहाळ झाला, तर निदान कपाटातील रिकामी जागा त्याची साक्ष देते. संगणकावरील अंकाचे तसे नाही. तो जागच्या जागी असूनही हरवलेला असू शकतो; कारण त्याची नोंदच नसेल, तर तो मागावयाचा कोणत्या नावाने? ज्यांच्या प्रती मुळातच थोड्या, अशा महाराष्ट्राबाहेरील मराठी नियतकालिकांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. म्हणून संगणकीय प्रकाशनसाहित्याची मांडणी व देखरेख करणाऱ्या ज्या यंत्रणेस ‘कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम’ म्हणतात, तिचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. येथे आपण तिला आशय-व्यवस्था म्हणू.

ह्या व्यवस्थेचे पहिले तत्त्व असे, की आशय आणि त्याचे दृश्य रूप ही दोन वेगळी ठेवावीत. २००३ साली निघालेल्या वर्डप्रेसचे उदाहरण घ्या. तीत लेखाचे शीर्षक, मजकूर, लेखक व दिनांक ही माहिती कोठारातील निरनिराळ्या रकान्यांत राहते. चित्रे फायलींच्या रूपाने वेगळी असतात. कोठारात त्यांची नोंद असते. वाचकाने मागणी करताच ही सामग्री एका ठरावीक साच्यात बसवून पान तयार होते. साचा बदलला, तरी मजकुरास हात लागत नाही.

दुसरे तत्त्व स्थिर ओळखीचे. शीर्षक दुरुस्त होईल, फाईल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाईल. ओळखक्रमांक मात्र तोच राहावा. ग्रंथालयांसाठी अमेरिकेतील एम.आय.टी. व ह्यूलेट-पॅकर्ड यांनी २००२ साली प्रसृत केलेल्या डीस्पेस ह्या व्यवस्थेत प्रत्येक कृतीस असा कायम क्रमांक मिळतो. शिवाय प्रत्येक फाईलवरून गणिताने एक लहानशी खूण काढून ठेवतात. पुढे केव्हाही तीच खूण पुन्हा काढावी. ती जुळली नाही, तर फाईल बिघडली किंवा बदलली असे समजावे.

तिसरी बाब वर्णनाची. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी भरलेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ नावाची वर्णनपद्धती उदयास आली. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क असे तिचे १५ मूळ रकाने आहेत. हे वरवर कारकुनी वाटेल. पण ग्वाल्हेरच्या राजकवींचेच पाहा. एका अंकात ‘भा. रा. तांबे’, दुसऱ्यात ‘भास्कर रामचंद्र तांबे’, तिसऱ्यात नुसते ‘राजकवी तांबे’ असे छापलेले असेल, तर यंत्राच्या लेखी ते तीन निराळे गृहस्थ होत. तिन्ही नावे एकाच व्यक्तीच्या नोंदीशी जोडल्याखेरीज त्यांची कविता एकत्र सापडणार नाही. त्याच नोंदीत मृत्युवर्ष असावे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. तांबे १९४१ साली निवर्तले. त्यांच्या अशा कवितांवरील हक्क २००१ अखेर संपला. ह्या एका रकान्यावरून काय मुक्तपणे छापता येईल ते ठरते.

चौथी बाब पाठांच्या इतिहासाची. विकिपीडियाचा आधार असलेली मीडियाविकी ही व्यवस्था प्रत्येक दुरुस्तीची आवृत्ती, वेळ व दुरुस्ती करणाऱ्याच्या नोंदीसह राखून ठेवते. जुना पाठ पुसला न जाता मागे राहतो. अधिकारांची वाटणीही व्यवस्थेतच असते. वर्डप्रेसमध्ये ‘काँट्रिब्यूटर’ म्हणून नोंदलेल्यास मसुदा लिहिता येतो, पण तो प्रसिद्ध करण्याचा अधिकार संपादकाकडे राहतो.

एवढे असूनही यंत्र आपण होऊन काहीच जाणत नाही. १९९१ साली युनिकोड प्रमाणाची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीस स्थान मिळाले. परंतु मराठी अक्षरजुळणीत तिचा प्रसार पुष्कळ उशिरा झाला. तोवर अनेक फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. अशा फाईली आज शाबूत असल्या, तरी मूळ फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. कोणता फाँट वापरला, ही एक ओळ त्या वेळी नोंदली असती, तर रूपांतर सुकर झाले असते.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती संगणकावाचून. तीमागील चिकाटी कोणतीही प्रणाली विकत देऊ शकत नाही. तेव्हा जुने अंक संगणकावर आणू इच्छिणाऱ्या संस्थेने छायाप्रती घेण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात: प्रत्येक लेखासाठी कोणते रकाने भरावयाचे आणि ते भरून तपासण्याची जबाबदारी कोणाची. यंत्राची निवड त्यानंतर करावी.