भीमा-सीनेच्या बेचक्यात

शिर्डी, शिंगणापूर, फार तर भंडारदरा. नगर जिल्हा पाहिला म्हणणाऱ्यांची यादी बहुधा इथेच संपते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी गाड्यांच्या वाटा बदलल्या नाहीत. दक्षिणेकडच्या श्रीगोंदा आणि कर्जत तालुक्यांत कुणी वळलंच, तर सिद्धटेकच्या गणपतीपुरतं. अष्टविनायकाच्या बसला पुढचा गणपती गाठायचा असतो, त्यामुळे नारळ फोडला की बस दौंडच्या दिशेनं परत निघते.

या मुलखाला समुद्र नाही, पण नकाशावर पाहिलं तर आकार एखाद्या द्वीपकल्पाचा वाटतो. दक्षिणेला भीमा, पूर्वेला सीना. एक भीमाशंकरच्या डोंगरातून आलेली, दुसरी नगर शहराच्या कुशीतून. दोघी जवळजवळ समांतर वाहत जातात आणि पार खाली, सोलापूरच्या पुढे हत्तरसंग कुडलला एकमेकींना भेटतात. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. दोन नद्यांमधल्या या बेचक्याच्या वरच्या अंगाला कर्जत-श्रीगोंद्याचा माळ पसरला आहे. पाऊस बेताचा, जमीन बरीचशी मुरमाड, झाडं म्हणजे हिवर, बाभूळ आणि बोर. सरकारी कागदावर यातली पुष्कळ जमीन पडीक. माझ्या मते मात्र इथे पाहण्यासारखं जे काही आहे, ते या मोकळ्या माळामुळेच आहे.

पेडगावपासूनच सुरुवात करावी. वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण सगळ्यांना ठाऊक असते, पण पेडगावला गेलेले थोडे. भीमेच्या उत्तर काठावर, श्रीगोंदा तालुक्यात, इथे बहादूरगड आहे. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. औरंगजेबाचा सरदार बहादूरखान कोकलताश याची ही छावणी. किल्ला म्हटल्यावर डोंगर शोधायला लागणाऱ्या मराठी माणसाचा इथे हिरमोड होतो, कारण हा सपाटीवरचा भुईकोट आहे. पण बहादूरखानाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हजारो घोडी, उंट, हत्ती आणि बाजारबुणगे घेऊन डोंगरावर बसता येत नाही. त्याला लागते लांबवर नजर जाईल अशी सपाट जमीन, चरायला गवत आणि बारमाही पाणी. या काठावर तिन्ही होतं. हत्तींकरवी मोट ओढून भीमेचं पाणी किल्ल्यात चढवायची व्यवस्था होती. तिचं दगडी बांधकाम नदीकाठी अजून उभं आहे.

हीच मोकळी जागा खानाला महागात पडली. 6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि जुलैत मराठ्यांची सुमारे दोन हजारांची एक तुकडी छावणीच्या आसपास दिसू लागली. खान फौज घेऊन तिच्या पाठीस लागला. तुकडीनं त्याला हुलकावण्या देत दूरवर नेलं. मागे जवळजवळ रिकाम्या पडलेल्या छावणीवर दुसरी, सात हजारांची फौज कोसळली. सुमारे एक कोटीचा ऐवज आणि दोनशे उमदे घोडे हाती लागले, असं इतिहासकार सांगतात. मला यात माळाचा हात दिसतो. जिथे घोडेस्वारांची धूळ कोसभरावरून दिसते, तिथे ती दाखवून फसवताही येतं.

पुढची आठवण काळीज पिळवटणारी आहे. 1 फेब्रुवारी 1689 ला संगमेश्वरी पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना औरंगजेबासमोर आणलं गेलं, ते इथेच. धिंड निघाली ती याच छावणीत. महिनाभरात, 11 मार्चला, भीमेच्याच वरच्या काठावर त्यांची हत्या झाली. किल्ल्याचं आजचं नाव त्यावरून आलं आहे.

एवढं सगळं घडलेल्या जागी आज पडक्या भिंती, वेड्या बाभळी आणि चरणाऱ्या शेळ्या भेटतात. तटबंदीच्या आत किल्ल्याहून कितीतरी जुनी यादवकालीन देवळंही आहेत. त्यांतल्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाला पुरेसा वेळ द्या. बाहेरच्या भिंतींवरचं मूर्तिकाम सकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसतं. डोक्यावर ऊन आलं की सगळं सपाट वाटतं.

नदीच्या काठानं खाली गेलं की सिद्धटेक. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलं. त्यांचा जन्म 31 मे 1725 चा, सीनेच्या काठच्या चौंडीचा. सीनेकाठच्या लेकीनं भीमेकाठी देऊळ बांधावं, यात या दोन नद्यांचं नातं आलंच. गणपती उजव्या सोंडेचा. देऊळ टेकडीला लागून असल्यानं प्रदक्षिणा घालायची तर अख्ख्या टेकडीला वळसा घालावा लागतो, साधारण पाच किलोमीटरचा. पेशवाईतले सेनानी हरिपंत फडके यांचं पद गेलं, तेव्हा त्यांनी इथे रोज एकवीस प्रमाणे एकवीस दिवस प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळालं, अशी कथा आहे. हिशेब करायला बसलात तर दिवसाला शंभर किलोमीटर होतात! कथा आहे, चालायचंच. तुम्ही एक मात्र घाला. राशीन वाटेवर असेल तर जगदंबेच्या देवळातली दीपमाळ पाहून घ्या. दगडविटांची ती दीपमाळ हलवली की खरोखर हलते.

रेहेकुरी कर्जत गावापासून जवळ आहे. काळवीट अभयारण्य म्हणून 1980 साली जाहीर झालेलं हे रान अवघं 2.17 चौरस किलोमीटर आहे. ताडोबाच्या कल्पनेनं गेलात तर शेतकऱ्याच्या बांधावर आल्यासारखं वाटेल. पण काळवीट हे दाट जंगलाचं जनावर नाहीच. त्याची सगळी भिस्त डोळ्यांवर आणि पायांवर. संकट लांबून दिसावं आणि पळायला अडथळा नसावा, म्हणून त्याला मोकळं गवत लागतं. बहादूरखानाची आणि काळवीटाची गरज बरीचशी सारखीच!

पूर्ण वाढलेला नर वरून काळाभोर, पोटाखाली पांढरा, डोक्यावर पिळदार शिंगं. माद्या आणि पाडसं बदामी रंगाची. माद्यांना शिंगं नसतात. नर आपापला पट्टा धरून असतो. एकाच जागी लेंड्यांचे ढीग घालून आणि डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव गवताच्या काड्यांना चोळून तो हद्द आखतो. दुसरा नर आत आला की मान वर टाकून, कान पाडून त्याच्यासमोर ऐटीत चालतो. बहुतेक वेळा प्रकरण एवढ्यावरच मिटतं. कळप बिचकला की एकेक जण उंच उड्या घेत निघतो, आणि वेग धरला की ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत जातो. एवढा वेग आला तो चित्त्यामुळे, असं मानतात. मोगल बादशहा पाळीव चित्ते सोडून याच जनावराची शिकार करत. भारतातला चित्ता 1952 साली नामशेष जाहीर झाला. माळावर आता लांडगा तेवढा उरलाय.

माळढोकानं मात्र या माळाचा निरोप घेतल्यात जमा आहे. 1979 मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्यात कर्जत-श्रीगोंदाही होते. पुढे ते बाराशेच्या आसपास आणलं गेलं. गावंच्या गावं आणि शेतं आत आल्यानं ते मूळ आकारात टिकणं कठीणच होतं. पण माळ दिसला की त्यावर झाडं लावायची आपली हौसही कमी नाही. गवताळ रानात दाट झाडी उभी करणं म्हणजे काळवीटाचं, चंडोलाचं, धाविकाचं घर मोडणं, हे वृक्षारोपणाच्या फोटोत दिसत नाही.

काळवीट कुंपण मानत नाही. रब्बीची ज्वारी उगवली की कळप शेतात उतरतात. आसपासचे शेतकरी वैतागतात आणि तरी बहुतेक जण त्यांना हाकलण्यापलीकडे काही करत नाहीत. वन विभागाकडून नुकसानभरपाई मिळते, पण कागद नाचवावे लागतात. पाहुण्यानं निदान ज्वारीतून फोटोसाठी चालू नये.

जायचं ते दिवाळीनंतर, थंडीत. गवत पिवळं पडलेलं असतं, काळे नर त्यावर उठून दिसतात आणि मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी माळावरून खाली तरंगत फिरतात. सकाळ रेहेकुरीला, नाहीतर संध्याकाळ. दुपार देवळांना. एक दिवस जास्तीचा असेल तर उजनीच्या फुगवट्याला द्या. भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं आणि त्याचं पाणी कर्जतच्या दक्षिण शिवेपर्यंत येऊन टेकलं. रोहित पक्षी पाहायला लोक पलीकडच्या काठावर, भिगवणजवळच्या कुंभारगाव-डिकसळला जातात. तिथले मच्छीमार होडीतून फिरवतात. जानेवारीनंतर पाणी उतरून चिखल उघडा पडला की रोहितांचे थवे वाढतात, कारण उलटी चोच चिखलपाण्यात फिरवून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खायचे, तर पाणी उथळच हवं. होडीवाल्याला फार जवळ न्यायचा आग्रह करू नका. थवा उठला की सगळ्याच होड्यांची सकाळ वाया जाते.