खरखरीचीही घराणी असतात

विजेवरची गिटार घरात प्रथम घुमू लागते, तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींची पहिली शंका बहुधा एकच असते: ‘स्पीकर फाटला की काय?’ ही शंका अगदीच अनाठायी नाही. ‘फझ’ नावाची पायाने दाबावयाची छोटी पेटी मुळी फाटक्या आवाजासाठीच जन्मास आली. परंतु सर्व फझ पेट्या एकाच तऱ्हेने खरखरत नाहीत. त्यांतील भेद उमगले, तर पेटी निवडणाऱ्या तरुणांना आणि ती ऐकणाऱ्या घरच्यांना, दोघांनाही त्याचा उपयोग होईल.

या आवाजाचा उगम एका बिघाडात आहे. १९६० साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना ध्वनिमिश्रणाच्या यंत्रात दोष उद्भवला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या बेस गिटारीचा आवाज एकाएकी गुरगुरू लागला. तो तसाच ठेवण्यात आला आणि १९६१ मध्ये गाणे लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग रेव्हिस हॉब्स यांच्या साहाय्याने तोच दोष ट्रान्झिस्टरांकरवी मुद्दाम घडविणारी रचना सिद्ध केली. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ती ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणली. गिटारीतून पितळी वाद्यांचा आवाज निघेल, अशी जाहिरात झाली. गिऱ्हाइकांनी मात्र फारसे मनावर घेतले नाही. १९६५ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात कीथ रिचर्ड्स यांनी ती पेटी वाजविली, आणि मग तिचे नशीब उघडले.

पेटीच्या आत घडते तरी काय? तारेच्या कंपनातून निर्माण होणारी विद्युत्-लहर चढउतारांची असते. ट्रान्झिस्टरला झेपेल त्यापलीकडे ती वाढविली, की तिचे माथे आणि तळ छाटले जातात. शिखराचे पठार होते. या छाटणीतून मूळ स्वराच्या वरचे अनेक स्वयंभू स्वर ठळकपणे उमटतात. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीच्या पृष्ठभागाशी तारेचा ओझरता स्पर्श घडवून आपण स्वयंभू स्वर फुलवितो. मार्ग निराळा, पण परिणामात नाते आहे. १९६५ मध्ये ‘यार्डबर्ड्स’ या इंग्रज वाद्यवृंदाने ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यासाठी प्रथम सतार योजून पाहिली होती. अखेर जेफ बेक यांनी फझ लावलेल्या गिटारीवर तो भास निर्माण केला.

आता घराणी पाहू. ‘माएस्ट्रो’चा आवाज कोरडा, नाकातला, चटकन तुटणारा. १९६५ मध्ये लंडनच्या गॅरी हर्स्ट यांनी त्याच धर्तीवर ‘टोन बेंडर’ बनविली. तिच्यात स्वर अधिक काळ टिकतो. १९६६ मध्ये आर्बिटर या ब्रिटिश कंपनीची वाटोळी ‘फझ फेस’ आली. जिमी हेंड्रिक्स यांच्यामुळे ती जगभर गाजली. तिच्यात अवघे दोन ट्रान्झिस्टर. आरंभी जर्मेनियमचे, पुढे सिलिकॉनचे. जर्मेनियमचा आवाज मऊ व उबदार, सिलिकॉनचा तीक्ष्ण व भेदक. मात्र जर्मेनियमला उष्णता मानवत नाही. तापमानाबरोबर त्याचा आवाज बदलतो. या पेटीचा मोठा गुण असा की, गिटारीवरील आवाजाची कळ किंचित कमी करताच खरखर निवळते. वादकाच्या बोटांना येथे खरा वाव असतो.

न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने १९६९ च्या सुमारास आणलेली ‘बिग मफ’ वेगळ्या वळणाची. चार ट्रान्झिस्टर आणि लागोपाठ दोनदा छाटणी यांमुळे तिचा स्वर दाट, भरदार आणि दीर्घ काळ रेंगाळणारा. रॉजर मेयर यांच्या ‘ऑक्टेव्हिया’त लहरीचा खालचा भाग उलटून वर आणला जातो, त्यामुळे मूळ स्वरासोबत वरच्या सप्तकातील तोच स्वर उमटतो. हेंड्रिक्स यांच्या १९६७ च्या ‘पर्पल हेझ’मध्ये तो ऐकू येतो.

निवड करताना काही गोष्टी ध्यानी धराव्यात. लयीची तुटक, ठसठशीत वाक्ये वाजवायची तर ‘माएस्ट्रो’ घराणे. बोटांच्या जोरावर आवाज बदलायचा तर ‘फझ फेस’. लांबवलेल्या स्वरांसाठी ‘बिग मफ’. ‘फझ फेस’ जातीची पेटी गिटारीला लागून पहिलीच जोडावी, अन्यथा तिचा निवळण्याचा गुण हरपू शकतो. जर्मेनियमच्या अनेक पेट्यांत विजेची धन-ऋण जोडणी इतरांच्या उलट असते. म्हणून सर्वांना एकच अडॅप्टर लावण्यापूर्वी पेटीवरील खूण अवश्य पाहावी. आणि एकाच वेळी अनेक स्वर छेडू नयेत. फझमध्ये त्यांचा गलका होतो. षड्ज-पंचमाची जोडी मात्र तेथेही डौलाने उभी राहते.

आपल्या संगीतशास्त्रात कोमल-तीव्र स्वरांना ‘विकृत’ म्हणतात, पण त्या शब्दात निंदा नाही. शुद्ध स्थानापासून ते ढळले आहेत, एवढेच तो सांगतो. गिटारीच्या या विकृतीकडेही त्याच दृष्टीने पाहावे. ती कोठे, किती आणि कशासाठी वापरली, यावरच तिचे मोल ठरते. मुलगा वा मुलगी खोलीत सराव करीत असेल, तर ‘आवाज बंद कर’ म्हणण्याआधी ‘ही कोणत्या घराण्याची?’ एवढे विचारून पाहावे. संवादाला तेवढे निमित्त पुरे होते.