पेंढा खाऊन प्लॅस्टिक बनवणारे जिवाणू

शहापूर-मुरबाडकडे भाताची झोडणी उरकली की खळ्यावर पेंढ्याचे भारे रचले जातात. बराचसा गुरांच्या पोटात जातो. पण जिथे गुरंच उरली नाहीत तिथे काय? माझं मत विचाराल तर जिवाणूंना घाला!

पेंढ्यातल्या सेल्युलोजची आधी साखर करावी लागते (खरी मेहनत आणि खर्च इथेच). मग जिवाणूंना साखर भरपूर द्यायची, नायट्रोजन मात्र मोजूनमापून. त्यांची वाढ अडते आणि आपल्या अंगावर चरबी चढावी तसे त्यांच्या पेशीत पीएचबी या पॉलिएस्टरचे, म्हणजे एका प्लॅस्टिकचेच, कण साठतात. काही जातींत तर कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत! १९२६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लमॉन्य यांनी जिवाणूंमधलं हे पीएचबी शोधलं.

आपल्याकडे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला बायोपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथे मात्र पीएलए हे दुसरं बायोपॉलिमर बनतं, म्हणजे जिवाणू लॅक्टिक ॲसिड देतात, प्लॅस्टिक पुढे रसायनशास्त्राने घडतं.

फरक लक्षात ठेवा: पीएचबी मातीतही कुजतं, पीएलएला साधारण ६० अंशांचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. म्हणून ‘बायो’ छापलेली पिशवी बांधावर भिरकावण्याआधी ती नक्की कशात कुजते, हे दुकानदाराला जरूर विचारा.