एकाच जागेसाठी सलग दोन वर्षे खेळाडू घेणे

एखाद्या संघाने एका जागेसाठी सलग दुसऱ्या वर्षी मोठा खेळाडू घेतला, की गेल्या वर्षीची निवड चुकली असे अनेकांना वाटते. येथे ‘बुडीत खर्च’ (आधीच झालेला, परत न मिळणारा खर्च) ही संकल्पना समजून घ्यायला हवी. नवा निर्णय आजची गरज आणि पुढची शक्यता पाहून करायचा असतो. झालेला खर्च त्यात धरायचा नसतो.

गोंदियातील धान उत्पादक हे जाणतात. पावसाने ओढ दिली आणि पऱ्हे (रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपे) करपले, तर पहिल्या बियाण्याचे पैसे परत येत नाहीत. दुबार पेरणी करायची की नाही, हे उरलेल्या हंगामाकडे पाहून ठरते.

प्रो कबड्डीत पुणेरी पलटणने २०२२ मध्ये डाव्या कोपऱ्यातील बचावपटू फझल अत्राचली याला १.३८ कोटी रुपयांना घेतले आणि अंतिम फेरी गाठली. पुढच्याच लिलावात त्याच जागेसाठी मोहम्मदरेझा शादलू याला २.३५ कोटी मोजले. १ मार्च २०२४ रोजी पलटण विजेती ठरली. पहिली निवड चुकीची नव्हतीच.

अमेरिकी फुटबॉलमध्ये ॲरिझोना कार्डिनल्सने २०१८ मध्ये जॉश रोझन आणि २०१९ मध्ये कायलर मरे असे दोन क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारे खेळाडू) ड्राफ्टच्या (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्याच फेरीत निवडले. रोझनला दुसऱ्या संघाकडे पाठवावे लागले. मरे त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला.

म्हणून सलग निवड हा आपोआप दोष ठरत नाही. नवा खेळाडू खरोखर सरस आहे का आणि त्याच्यासाठी इतर कोणती जागा रिकामी राहील, हे तपासावे.